दोराचं दुसरं टोक

मागच्या दारापासून कड्यापर्यंत अकरा पावलं. क्लेमेंट लार्टर ती रोज सकाळी चहाच्या आधी मोजायचा, आणि मोजताना पाऊल जरा आखूडच टाकायचा, म्हणजे आकडा बरा दिसतो. स्वतःला फसवायची कला सत्तरीनंतर माणसाला चांगली साधते. तो शाळेत होता तेव्हा याच दारातून निघून समुद्र गाठायला चार मिनिटं लागत. वाटेत कबरस्तान होतं, मग चर्च, आणि चर्चच्याही पलीकडे गवताळ माळ. आता माळ नाही, चर्च नाही, आणि गेल्या फेब्रुवारीपासून कबरस्तानाची शेवटची रांगही नाही. इंग्लंडातल्या नॉरफकचा हा किनारा म्हणजे नुसती रेती आणि चिकणमाती. समुद्र दर हिवाळ्यात येतो आणि मॉल्सबीचा एक घास घेऊन जातो.

त्या शेवटच्या रांगेत क्लेमेंटची बायको होती.

डोरीनला तिथे पुरू नका, असं पाद्रीबुवांनी जीव तोडून सांगितलं होतं. "तिचे आईबाप तिथे, आजी तिथे. मग तिला काय नॉर्विचला नेऊन ठेवू?" असं क्लेमेंटनं विचारलं आणि बुवांनी मान डोलावली. मॉल्सबीच्या लोकांचं हे असंच. समुद्र नेणार हे पक्कं माहीत असूनही माणसं तिथेच पुरायची, आणि वर पुढचं पुढे बघू म्हणायचं. डोरीनच्या शेजारची जागा क्लेमेंटसाठी राखून ठेवली होती. तू पुढे हो, मी आलोच, असं तो तिला शेवटच्या आठवड्यात म्हणाला होता. पाच महिन्यांनी वादळ आलं आणि एका दुपारी तिची जागा आणि त्याची जागा, दोन्ही खाली गेल्या.

यात क्लेमेंटला सगळ्यात जास्त खात होता तो उशीर. डोरीनला वाट बघणं खपायचं नाही. लग्नाआधी एकदा तो यारमथच्या बसथांब्यावर दहा मिनिटं उशिरा पोचला, तर बाईसाहेब निघून गेलेल्या, आणि याला सायकलवरून आठ मैल तिच्या मागे जावं लागलं. "मी कुणासाठी दहा मिनिटांच्या वर थांबत नाही," हे वाक्य त्यानं पुढची सत्तेचाळीस वर्षं ऐकलं. आता तेरा महिने झाले होते.

कौन्सिलचं पत्र आलं होतं की महिनाअखेर घर रिकामं करा. मुलगी जेनेट रविवारी व्हॅन घेऊन नॉर्विचहून येणार होती, तिच्याकडे मागची खोली रंगवून तयार होती. क्लेमेंट तिला फोनवर हो म्हणाला होता. मनात मात्र त्यानं ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. घर जाईल तेव्हा स्वयंपाकघरात आपल्या खुर्चीवर बसून राहायचं. डोरीन गेली तिथे पोचायचा दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं नाही म्हणजे कुणाला कळलं नाही असं तो समजून चालला होता.

त्याआधी तोफ तेवढी उडवून बघायची होती.

मॉल्सबीच्या समोर समुद्रात एक वाळूचा पट्टा आहे. शिडाची जहाजं होती त्या काळात दर हिवाळ्यात एखादं तरी त्यावर चढून बसायचं, आणि किनाऱ्यावरून हाक ऐकू जाईल इतक्या जवळ माणसं बुडायची. म्हणून गावात आठ जणांची एक टोळी होती. तिला सगळे दोरवाले म्हणत. त्यांच्याकडे एक बुटकी, रुंद तोंडाची उखळी तोफ होती, आणि ती कुणाला मारण्यासाठी नव्हती. तिच्या गोळ्याला दोर बांधलेला असायचा. गोळा जहाजावरून पलीकडे जायचा, दोर डेकवर पडायचा, आणि त्या दोरावरून माणसं किनाऱ्यावर यायची. क्लेमेंटचा आजोबा एझ्रा लार्टर हा दोरवाल्यांचा शेवटचा म्होरक्या. माळावर त्यांची लाकडी शेड होती. ती शेड, तोफ आणि म्होरक्या, तिन्ही गोष्टी क्लेमेंटच्या जन्माआधीच संपल्या. म्होरक्याची कबर मात्र चर्चच्या दाराशी होती. ती पुढे समुद्रानं नेली.

उरली ती एझ्राची वही. त्यात तोफेचं चित्र होतं, मापं होती, आणि कवायत लिहिलेली होती. क्लेमेंटनं आयुष्यभर लेथ चालवलेला, त्यामुळे त्याचे हात शिवशिवत होतेच. फेब्रुवारीनंतर त्यानं गनमेटलचा एक ठोकळा मिळवला आणि बागेतल्या शेडमध्ये अर्ध्या मापाची तोफ कोरायला घेतली. तोंडात चहाचा डबा बसेल एवढी नळी, तळाशी दारूसाठी निमुळता कप्पा, आणि मागे रंजकाचं, म्हणजे बत्ती द्यायचं, बारीक भोक. भोक पाडायच्या दिवशी त्यानं सकाळपासून कॉफी प्यायली नाही. हात हलला असता तर सहा महिन्यांचं काम वाया गेलं असतं. भोक सरळ पडलं, आणि त्या आनंदात तो धावत घरात गेला, डोरीनला सांगायला. स्वयंपाकघराच्या दारात थांबला, थोडा वेळ तिथेच उभा राहिला, आणि परत शेडमध्ये आला.

या कामात त्याला साथ होती बेसिल गेजची. बेसिल त्याच्या वर्गातला, तीस वर्षं खेकड्यांची बोट चालवलेला, बायको नाही, पोर नाही, तोंड मात्र भरपूर. त्याचं घर कड्यापासून अडतीस पावलांवर होतं, त्यामुळे तो क्लेमेंटकडे जरा दयेनं बघायचा.

"छान झालीय," तोफ पहिल्यांदा बघून तो म्हणाला. "कुत्र्याला पाणी ठेवायला."

"तुझं डोकं बसतं का बघू आत?"

"माझं नाही बसायचं. तुझं घाल, आवाजसुद्धा तसाच येईल."

पण बेसिल कामाचा माणूस. दोर थेट गोळ्याला बांधला तर दारूच्या ज्वाळेत जळतो. म्हणून मधे कच्च्या कातड्याची हातभर वेणी लागते, आणि ती वेणी बेसिलनं घातली. तिचं टोक त्यानं दोराला ज्या गाठीनं बांधलं ती गाठ म्हणे त्याच्या बापाची. भिजली की ती सुटत नाही, कापावी लागते. दोर ठेवायची पेटीही त्यानंच केली. तिच्या तळातून खुंट्या वर आलेल्या, त्यांच्यावर दोर नागमोडी गुंडाळायचा, मग खुंट्या खालून काढून घ्यायच्या, म्हणजे दोर न गुंतता सुटतो.

पाटीवरून मात्र दोघांचं वाजलं. कवायतीत पाटी महत्त्वाची. गोळ्याचा दोर जहाजावर पडला की जहाजावरच्यांनी तो बांधायचा आणि तीन हिसके द्यायचे. किनाऱ्यावरून तीन हिसक्यांचं उत्तर. मग त्याच दोराला जाड दोर आणि ओकची एक पाटी लावून पाठवायची, आणि पुढे काय करायचं ते पाटीवर कोरलेलं असायचं, कारण वाऱ्यात ओरडून काही कळत नाही.

"तीन ओळी होत्या," क्लेमेंट म्हणाला. "वहीत तीन लिहिल्यात. तिसरीवर पाणी सांडून शाई गेलीय."

बेसिलनं चष्मा लावून वाचलं. "दोर उंच बांधा. एकेक करून या, बायका आधी. मग तिसरी काय असणार? पाय पुसून या."

"आजोबा असला चावटपणा नाही करायचे."

"तुझे आजोबा, माझे नाही. मी आपल्या पाटीवर दोनच रंगवतो. खाली जागा सोडतो, आठवलं तर लिही."

आणि वहीत आणखी एक गोष्ट होती, दोनदा अधोरेखित केलेली. दोर बांधायचं काम जहाजावरच्यांचं. किनाऱ्यावरच्यांनी आपलं टोक हातातच धरायचं, कशालाही बांधायचं नाही.

तोफ सरकारी परीक्षा पास झाली. नळीवर शिक्का बसला. परवाना आला. कोस्टगार्डला फोन झाला. ऑक्टोबरच्या एका गुरुवारी दुपारी दोघांनी बागेत तोफ मांडली. तिची बैठक ओकची होती, चर्चच्या फाटकाचं लाकूड क्लेमेंटच्या बापानं कधीतरी वाचवून ठेवलेलं. आधी नुसती दारू भरून एक बार काढला. कावळे उडाले, बेसिल दोन पावलं मागे सरकला आणि सरकलोच नाही असं म्हणाला.

मग गोळा भरला. समुद्र शांत होता. भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं होतं आणि ओहोटी अजून लागली नव्हती. क्षितिजाकडून धुकं हळूहळू आत येत होतं, पण जवळचं स्पष्ट दिसत होतं. क्लेमेंटनं दोराचं मागचं टोक हातात घेतलं आणि इकडेतिकडे बघितलं. दोरवाले आठ होते. इथे दोन म्हातारे. बेसिलच्या हातात बत्तीची काठी, आणि त्याचा उजवा खांदा जन्माचा दुखरा. बागेत डोरीनचा कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब होता, काँक्रीटमध्ये रोवलेला. क्लेमेंटनं दोराचं टोक त्या खांबाला दोन वेढे देऊन बांधून टाकलं.

"बांधतोयस?" बेसिल म्हणाला. "तुझे आजोबा शिव्या घालतील."

"त्यांना म्हणावं, या धरायला."

बोलून गेल्यावर क्लेमेंटला उगीचच वाटलं की हे बोलायला नको होतं. पण बेसिलनं तोवर बत्ती टेकवली होती.

आवाज फार मोठा नव्हता, जड होता. पायाखालची माती हलली. पांढरा धूर बागभर पसरला, आणि धुरातून पेटीतला दोर सळसळत वर गेला, वर, आणि लांब. गोळा क्षणभर आभाळात काळा ठिपका दिसला. कबरस्तान होतं त्या जागेवरून गेला, चर्च होतं त्या जागेवरून गेला, आणि बराच पुढे पाण्यात पडला.

"जमलं की रे," बेसिल म्हणाला. मग त्यानं डोळ्यांवर हात धरून अंदाज घेतला. समुद्रावरची खूण धरायची त्याची तीस वर्षांची सवय. "कुठे पडला सांगू? बरोबर तुमच्या शेडच्या जागी. दोरवाल्यांच्या दारात टाकलास."

क्लेमेंट हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. दोर गवतावरून कड्याच्या बाहेर गेला होता आणि पुढे पाण्यात सैल पडला होता. तो गोळा करावा म्हणून क्लेमेंट वाकला, आणि दोर त्याच्या हाताखालून ताठ झाला.

सावकाश ताठ झाला. सगळ्या लांबीतून पाणी गळलं. खांबाच्या वेढ्यात दोर करकरला.

"प्रवाह," क्लेमेंट म्हणाला.

"पाणी थांबलंय," बेसिल म्हणाला.

"मग सील असेल."

 बेसिलची नजर दोरावर होती. दोर ढिला झाला. मग एक हिसका आला. मोजून तेवढ्याच वेळानं दुसरा. मग तिसरा. लोखंडी खांबातून तीनदा बारीक घणघण आली, आणि दोर पुन्हा ताठ होऊन थांबला.

समुद्रावर बोट नव्हती. धुक्यात नव्हती आणि धुक्याच्या अलीकडेही नव्हती. पाण्यावर एक बुडबुडा नव्हता. बेसिल गेज समुद्राला कधी घाबरला नव्हता, पण त्या दुपारी त्याच्या हातातली बत्तीची काठी विझवायचंही त्याला सुचत नव्हतं.

"क्लेम, तिथे कुणीतरी अडकलंय," तो हळूच म्हणाला. "दोर बांधलाय त्यांनी. काढा म्हणतायत आम्हाला."

क्लेमेंटच्या मनात एकच नाव आलं. ती तिथे थांबली होती, तेरा महिने थांबली होती, आणि आता तिनं दोर धरला होता. त्यानं दोन्ही हातांनी दोर पकडला आणि टाचा रोवून ओढायला लागला. तोंडानं काय बोलत होता ते त्याला कळत नव्हतं. आलो, आलो, धर घट्ट, असं काहीतरी. बेसिल पुढे झाला आणि दुखऱ्या खांद्यानिशी त्यानंही हात घातला. दोर तसूभर हलेना. गोळा असा रुतत नाही, मासेमारीचं जाळंही असं अडत नाही. पलीकडे माणसं होती, आणि ती ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होती.

आणि मग दोर आला. एकदम सुटला नाही. जितका यांनी ओढला तितकाच पलीकडून सोडला गेला, हातभर, मग हातभर. क्लेमेंटनं लहानपणी बापाच्या तोंडून ऐकलं होतं, दोर असा सोडायचा, समोरच्याच्या हाताला काचू द्यायचा नाही. पांढरा दोर गवतावर साचत गेला. शेवटी कड्याच्या तोंडाशी काहीतरी अडकलं. बेसिल पोटावर आडवा झाला आणि त्यानं ते वर घेतलं.

गोळा नव्हता. कातड्याची वेणीही नव्हती. ती तुटली नव्हती की जळली नव्हती. भिजली की सुटत नाही ती बापाची गाठ कुणीतरी नीट सोडून ठेवली होती. दोराच्या टोकाला ओकची एक पाटी होती, काळी, शिंपले धरलेली, कोपऱ्यात लोखंडी कडी. आणि पाटीच्या दुसऱ्या बाजूनं आणखी एक दोर निघून कड्याखाली, पाण्यात, धुक्याकडे गेला होता. मनगटाएवढा जाड, डांबर लावलेला. असा दोर बेसिलनं फक्त त्याच्या आज्याच्या कोठीत बघितला होता.



बेसिलनं मान वळवून मागे बघितलं. खांब, खांबाला दोन वेढे, मागे घर. बागेच्या एका कोपऱ्याखालची माती आधीच निघालेली, गटाराचा नळ हवेत लोंबत होता. मग त्यानं पाण्याकडे बघितलं.

"आपलं चुकलं," तो म्हणाला. "ते अडकलेले नाहीत. ते शेडपाशी उभे आहेत, किनाऱ्यावर. तिथून इकडे बघ जरा. काय दिसत असेल? फुटत चाललेलं काहीतरी, वर एक म्हातारा, आणि दोर खांबाला बांधलेला. तू बांधलास, क्लेम. बांधतात कोण?"

"जहाजावरचे," क्लेमेंट म्हणाला.

"मग ते काय समजले असतील?"

 क्लेमेंटनं डांबराचा दोर हातात घेतला होता. दोर ओला होता, पण गार नव्हता. कुणीतरी आत्ताच हातातून सोडल्यासारखी त्याला ऊब होती. हा उंच बांधायचा, खांबाच्या वरच्या कडीला, आणि एकेक करून जायचं. एवढं सोपं होतं. स्वयंपाकघरात बसून वाट बघायचीही गरज नव्हती. त्याला भीती वाटत नव्हती, आणि भीती वाटत नाही याचीच आता भीती वाटायला लागली.

"तुझ्या मनात काय आहे ते मला फेब्रुवारीपासून माहीत आहे," बेसिल म्हणाला. "मी काय आंधळा आहे? जेनेटला हो म्हणतोस आणि एक कपाट आवरत नाहीस. सुरी आहे माझ्या खिशात. पण हा दोर मी कापणार नाही. तुझ्यासाठी आलाय, तूच काय ते कर. मी फक्त एवढं म्हणतो, की आधी पाटी वाच. तेवढी रीत पाळ."

क्लेमेंटनं बाहीनं पाटी पुसली. अक्षरं खोल कोरलेली होती. दोर उंच बांधा. एकेक करून या, बायका आधी. खाली तिसऱ्या ओळीवर शेवाळ बसलं होतं. त्यानं अंगठ्याच्या नखानं ते एकेक अक्षर मोकळं केलं. बराच वेळ लागला. बेसिल शेजारी वाकून बघत होता.

घाई नको. शेवटचा माणूस येईपर्यंत आम्ही इथेच आहोत.

क्लेमेंटनं ते दोनदा वाचलं. मग तो गवतावर फतकल मारून बसला आणि रडला. तेरा महिन्यांत रडला नव्हता तेवढं सगळं रडला, नाक पुसायलाही रुमाल नव्हता. बेसिलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि समुद्राकडे बघत राहिला.

"थांबलेत म्हणे," क्लेमेंट शेवटी म्हणाला.

"लिहिलंय तर तसंच."

"तीसुद्धा?"

"एवढी माणसं थांबलीत तर तिला एकटीला निघून जाऊ देतील का?" बेसिल म्हणाला. "आणि जाईल तरी कुठे, बस आहे काय तिथून?"

क्लेमेंट उठला. खांबाजवळ गेला, आणि स्वतः बांधलेले दोन वेढे त्यानं सोडले. मग दोर दोन्ही हातांत घेतला, आजोबांच्या वहीत लिहिलं होतं तसा, कशालाही न बांधता. पाय रोवले. एक हिसका दिला. मोजून थांबला. दुसरा. तिसरा. पलीकडून काही वेळ काहीच आलं नाही. मग दोर हळूच ताणला गेला, हाताला काचणार नाही एवढाच. क्लेमेंटनं हातभर सोडला, मग हातभर. पाटी गवतावरून सरकत गेली, कड्याशी एकदा अडखळली, आणि खाली गेली. सगळ्यात शेवटी पांढऱ्या दोराचं टोक त्याच्या तळहातातून निघून गेलं. तोवर धुकं बागेपर्यंत आलं होतं आणि समुद्र दिसत नव्हता.

रविवारी जेनेट आली तेव्हा कपाटं आवरलेली होती, खोकी दोरीनं बांधलेली होती, आणि बाप दाढी करून दारात उभा होता. तिला वाटलं होतं की भांडावं लागेल. सगळ्या रस्त्यानं तिनं भांडणाची तयारी केली होती. ती वाया गेली.

"बाबा, स्वयंपाकघरातल्या खुर्च्या? दोन्ही इथेच आहेत."

"राहू देत."

"आईची तरी घेऊ."

"नको. तिला लागेल," क्लेमेंट म्हणाला, आणि मुलीचा चेहरा बघून तोफ उचलायला गेला.

त्यानं दाराला कुलूप लावलं. मग परत जाऊन ओढून बघितलं. जेनेटनं विचारलं, आता कुणाच्या भीतीनं? तो म्हणाला, सवय.

मॉल्सबीत घरं कशी जातात ते सगळ्यांना माहीत होतं. एका वादळात, एकदम, कड्याच्या मोठ्या ढेकळासकट, आणि आवाज दोन मैलांवर जातो. क्लेमेंटचं घर तसं गेलं नाही. बेसिल रोज सकाळी न्याहारीच्या वेळी नॉर्विचला फोन करायचा आणि काय गेलं ते सांगायचा.

"पहिल्या दिवशी डोरीनची खुर्ची," तो म्हणाला होता. "खिडकीतून बघितलं मी. बाकी सगळं जागच्या जागी. कुलूप तसंच होतं, क्लेम. समुद्र शांत होता."

दुसऱ्या भरतीला भांड्यांचं कपाट गेलं, आणि वाळूवर एक कप फुटलेला दिसला नाही. मग पलंग. मग मागचं दार, चौकटीसकट. मग एकेक भिंत. कौन्सिलचा माणूस येऊन बघून गेला, डोकं खाजवून गेला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर लागला. जेनेटला वाटायचं, दोन म्हातारे रोज हवापाण्याच्या गप्पा मारतात.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात असाच एक फोन आला.

"तुझी पावलं किती झाली?" क्लेमेंटनं विचारलं.

"चौतीस."

"आखूड टाकतोस ना?"

"गप बस." मग तो म्हणाला, "तीन भरत्या झाल्या, काही गेलं नाही. खांब परवा गेला तो शेवटचा. आता स्वयंपाकघराची फरशी तेवढी राहिलीय, आणि तिच्यावर तुझी खुर्ची. निम्मी कड्याच्या बाहेर आहे. वारा होता रात्री, मला वाटलं जाणारच. सकाळी बघतो तर हललेली नाही. आत्ता बघतोय मी इथून. नेत नाहीयेत."

स्वयंपाकघरातून जेनेटनं हाक मारली, टोस्ट गार होतोय म्हणून.

"असू दे तिथेच," क्लेमेंट म्हणाला. "घाई नाही."